विश्वास डळमळतो तेव्हा

महोदय,

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रूढ झालेल्या एका सवयीविषयी आपल्या दैनिकातून लिहू इच्छिते. ज्या घरात दीर्घ आजार आहे, ज्या आईने मूल गमावले आहे किंवा जो कर्जाने पिचून गेला आहे, अशांच्या भेटीला गेलेली माणसे प्रार्थना करून उठताना, बहुतेक वेळा सद्भावनेनेच, ‘तुमचा विश्वास कमी पडतो आहे’ असे सांगून जातात. ऐकणाऱ्याच्या दुःखात त्यामुळे अपराधाची भर पडते. पुढे तो उपासनेला येईनासा होतो, आणि मग तो ‘थंड पडला’ अशी त्याच्याविषयी चर्चा सुरू होते. या सवयीला पवित्र शास्त्राचा आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील बापाचा विचार करावा. त्याच्या मुलाला लहानपणापासून झटके येत आणि त्या झटक्यांत तो कधी विस्तवात, तर कधी पाण्यात पडे. येशूच्या शिष्यांकडून काही झाले नव्हते आणि भोवती शास्त्री वाद घालत उभे होते. अशा वेळी तो बाप येशूला म्हणतो की, आपल्याला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. त्या ‘असेल तर’मध्ये त्याची सगळी शंका उघडी पडली आहे, आणि येशूही ती दुर्लक्षित करत नाही; विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे, असे तो त्याला सांगतो. तेव्हा तो बाप ओरडतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ आधी विश्वास पक्का कर आणि मग ये, असे त्याला कोणी सांगितले नाही. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच त्याचा मुलगा बरा झाला. त्याच शुभवर्तमानात, कफर्णहूम येथील घराचे छप्पर उसकटून चौघांनी पक्षाघाती माणसाला खाली सोडल्याची हकिकत आहे. तेथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असे लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाची वेगळी चौकशी झाल्याचा उल्लेख नाही. याकोबाच्या पत्रातही दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. तेव्हा आजाऱ्याचा विश्वास मोजण्यापूर्वी आपण मंडळीने स्वतःकडे पाहायला नको का?

बरे होणे नेहमीच घडते, असे मात्र मी म्हणत नाही. प्रेषित पौलाने ‘शरीरातील काटा’, म्हणजे त्याला छळणारी व्यथा, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णतेस येते, एवढेच उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? एकशेतिसऱ्या स्तोत्रात देवाच्या ममतेचे कारणच असे दिले आहे की, ‘तो आमची प्रकृती जाणतो, आम्ही केवळ माती आहो हे तो आठवतो.’ आपण दुर्बळ आहोत हे देवाला आधीपासून ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनच तो ममता करतो. मी या वचनाला धरून राहते, कारण आपल्या विश्वासाचे बळ दिवसागणिक बदलत असते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला यासाठी दूर जायला नको. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडनजवळील फुलम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळणारे एक गृह पाहायला मिळाले. या स्त्रियांशी इतक्या मायेने का वागावे, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील, लोकांनी हलकी मानलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आपुलकीने बोलल्याची हकिकत त्यांना वाचून दाखवण्यात आली, आणि त्यांच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला. 1883 मध्ये इंग्लंडमधीलच वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या कथनात, त्या मोकळेपणाने लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला नव्हता. या आठ वर्षांतच, 1889 मध्ये, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली होती. एवढे मोठे काम उभे करणाऱ्या बाईंचेही मन तृप्त नव्हते. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी, फुलमला पाहिलेल्या त्याच करुणेने, 1899 मध्ये अशाच स्त्रियांसाठी कृपासदन हे गृह सुरू केले. त्या आठ वर्षांत कोणी त्यांना ‘थंड पडलेली’ म्हणून बाजूला सारले असते तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

देवाच्या करुणेवर इतका भर दिल्यास माणसे ढिली पडतील, असा आक्षेप काही पाळक घेतात. त्यांची काळजी प्रामाणिक आहे, परंतु येशूचा शिष्य पेत्र याचे उदाहरण वेगळेच सांगते. ‘मी येशूला ओळखत नाही’ असे म्हणून त्याने नाकारण्यापूर्वीच प्रभूने, त्याचा विश्वास ढळू नये म्हणून, त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, असे लूक सांगतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने त्याला आधी न्याहारी दिली, मग तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी सोपवली. करुणा मिळाल्याने पेत्र ढिला पडला नाही. तो कामाला लागला. संदेष्टा एलीया खचून मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हाही दूताने आणले ते भाकरी आणि पाणीच.

पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना माझी विनंती आहे की, गृहभेटीत कोणाच्याही विश्वासाचे माप काढू नये. दुःखिताला बोलू द्यावे आणि त्याच्या तक्रारीसह त्याच्यासाठी प्रार्थना करावी. साक्षीच्या सभांमध्ये, ज्यांची प्रार्थना अजून अनुत्तरित आहे, त्यांनाही उभे राहण्याची संधी द्यावी. जे अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, तेही कधीतरी रविवारच्या उपासनेत मोठ्याने वाचले जावे, म्हणजे मागच्या बाकावर बसलेल्या खचलेल्या माणसाला कळेल की, त्याची प्रार्थना पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेली आहे.

– एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर