न हललेली पातळी

गुहागर,
कोजागरी पौर्णिमा

चि. बायस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पुढच्या आठवड्यापासून तू स्वतःच्या सहीने घरगुती गॅसजोडण्या तपासून देणार, हे वाचून तुझ्या आईने शेजारी पेढे वाटले. मी मात्र माळ्यावर चढून माझा जुना यू-ट्यूब मॅनोमीटर, म्हणजे इंग्रजी U आकाराच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवरून दाब दाखवणारा मापक, शोधून काढला. कंपनीचा डिजिटल मापक तुझ्याकडे असेलच आणि तोच वापरावा. पण पाणी डोळ्यांसमोर चढता-उतरताना पाहिल्याखेरीज दाब म्हणजे काय हे अंगी मुरत नाही, असे माझे मत आहे. एक मिलिबार म्हणजे साधारण दहा मिलिमीटर पाणी, आणि स्वयंपाकघरात येणारा पाइपगॅस जेमतेम २१ मिलिबारांचा, म्हणजे वीतभर पाण्याइतका. दाब एवढा थोडा असल्यामुळेच, पाइपात दाब भरून गळतीने तो उतरतो का हे पाहण्याच्या चाचणीत फसगत सोपी असते, आणि त्याबद्दलच आज सविस्तर लिहितो आहे.

ही गोष्ट तुला आजवर सांगितली नव्हती. दापोलीकडच्या एका चिरेबंदी घरात मागच्या पडवीतील सिलिंडरपासून स्वयंपाकघरापर्यंत मी नवा जी.आय., म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप टाकला होता. सकाळी आठच्या सुमारास हातपंपाने हवा भरली, मॅनोमीटर लावला आणि दहा मिनिटे पाहत बसलो. पाण्याची पातळी तसूभरही हलली नाही. काम उत्तम झाले असे समजून मी सही केली, गॅस सुरू करून दिला आणि चहा घेऊन निघालो. संध्याकाळी त्या घरच्या काकूंना मोरीपाशी वास आला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत वाहत जाऊन मोरीच्या खळग्यात साचला होता. काकूंनी दिवा न लावता सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, दारे उघडली आणि मुलाला सायकलवरून माझ्याकडे पाठवले. भिंतीतून बाहेर येणाऱ्या एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडतुकड्याच्या, आट्याला चीर होती.

मग सकाळी पातळी का हलली नाही? पडवी पूर्वेची होती आणि ऊन नुकतेच पाइपावर आले होते. बंद पाइपातील हवा एका अंशाने तापली तर तिचा दाब सुमारे साडेतीन मिलिबारांनी, म्हणजे पस्तीसेक मिलिमीटर पाण्याने वाढतो. मापक फक्त वरचे वीस मिलिबार दाखवतो, पण तापमानाचा परिणाम वातावरणाच्या दाबासकट एकूण हजाराहून अधिक मिलिबारांवर होतो, म्हणून हा आकडा एवढा मोठा येतो. त्या दहा मिनिटांत उन्हाने जेवढा दाब वाढवला तेवढाच गळतीने कमी केला, आणि मी त्या दोघांच्या तडजोडीला चाचणी समजलो. पाइप तापत असताना पाणी चढायला हवे होते. ते स्थिर राहिले, हाच गळतीचा पुरावा होता आणि तो दहा मिनिटे माझ्या नाकासमोर उभा होता. तेव्हापासून मी उन्हातल्या पाइपाची चाचणी घेत नाही. सावली होईपर्यंत थांबतो, नाही तर पहाटे जातो. दाब भरल्यावरही हवा पाइपाच्या तापमानाला येईपर्यंत वाट पाहावी आणि त्यानंतरच घड्याळ लावावे. आपल्याकडे याच्या उलटही घडते: सरीचे पाणी पाइपावर पडते, वर समुद्रवारा सुटतो, पाइप थंड होतो आणि धडधाकट जोडणीतही पातळी उतरते. अशा वेळी सगळे जॉइंट उकलत बसण्याआधी पाइप पुसून कोरडा होऊ द्यावा.

फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाइपाच्या सुरुवातीला गॅस अडवणारा व्हॉल्व्ह. गॅस जोडलेल्या घरात तपासणी करताना तो पूर्ण बंद होत नसेल, तर गळतीने गेलेला दाब तो गुपचूप भरून काढतो आणि पातळी पुन्हा स्थिर दिसते. ब्रिटनमधील घरगुती तपासणीत यासाठी आधी पाइपातला दाब ७ ते १० मिलिबारांवर ठेवून, व्हॉल्व्ह बंद करून मिनिटभर पाहण्याची रीत आहे. पाणी चढले तर व्हॉल्व्ह गळतो आहे. मला ती रीत फार शहाणपणाची वाटते. तुमच्या कंपनीची कार्यपद्धती वेगळी असली तरी हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

चाचणीआधी जॉइंटला रंग लावू देऊ नये, कारण रंगाचा थर बारीक गळती काही दिवस झाकून ठेवतो आणि खाऱ्या हवेत तो सुटला की ती उघडी पडते. साबणाचे पाणी लावून झाल्यावर पाइप स्वच्छ धुवावा. ऑक्सिजनने दाब भरणाऱ्या माणसासोबत काम करू नये; त्याचे कारण तुला आयटीआयमध्ये शिकवले आहे.

आता पर्जिंग, म्हणजे पाइपातली हवा बाहेर काढून त्यात गॅस भरणे. पाइपात नुसती हवा असताना धोका नाही आणि नुसता गॅस असतानाही तो पाइपाच्या आत जळू शकत नाही. धोका मधल्या काही मिनिटांचा असतो. हवेत पाइपगॅसचे प्रमाण ५ ते १५ टक्के असले की मिश्रण पेट घेते, आणि सिलिंडरच्या गॅसला तर दोनेक टक्केही पुरतात. अर्ध्या इंची वीस मीटर पाइपात फार तर चार लिटर हवा मावते. तेवढ्यासाठी कशाला थाटमाट, असे तुझे सहकारी म्हणतील. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधील गार्नर येथे २००९ साली एका कारखान्यात नव्या वॉटर हीटरच्या पाइपातली हवा इमारतीच्या आतच सोडत होते आणि गॅस आला की नाही हे मुख्यतः वासावरून ठरवत होते. स्फोटात चार माणसे गेली. तो पाइप मोठा होता हे खरे, पण नाकावर विसंबण्याची सवय लहान पाइपावरच लागते. आपल्या अंजनवेलच्या गॅस टर्मिनलवर उणे १६२ अंशांवर द्रवरूपात उतरणाऱ्या वायूला स्वतःचा वास नसतो. वास नंतर मिसळतात, आणि नवा लोखंडी पाइप सुरुवातीला तो काही प्रमाणात शोषून घेतो. शिवाय सतत वास घेणारे नाक थोड्याच वेळात बधिर होते.

म्हणून नळी खळ्यात, खिडक्यांपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावी. एक जण व्हॉल्व्हपाशी आणि एक नळीच्या टोकाशी उभा असावा. प्रवाह इतका मंद नसावा की हवा आणि गॅस थर धरून राहतील, आणि काम मध्येच थांबवू नये. टोकाशी मापक धरताना एक लक्षात ठेव: गळती शोधण्याचे साधे यंत्र हवेतला थोडा गॅस मोजण्यासाठी असते, निव्वळ गॅसमध्ये त्याला ऑक्सिजन मिळत नाही आणि काही यंत्रे तेव्हा चक्क शून्याकडे येतात. पाइप भरला की नाही हे पाहायला गॅसचे पूर्ण टक्के मोजणारे यंत्र लागते. ते माग, आणि मिळाल्याशिवाय काम सुरू करू नकोस.

घरात चूल, समई, उदबत्ती काही नको. हे सांगणेच सर्वांत अवघड असते, कारण लोकांनी नव्या शेगडीसाठी मुहूर्त काढलेला असतो, आजी निरांजन घेऊन ओट्यापाशी उभी असते आणि दहा वाजून वीस मिनिटांनी ज्योत दिसलीच पाहिजे असा आग्रह असतो. त्यांच्यावर चिडू नकोस. देवघरातला नंदादीप शांत करावा लागेल हे आदल्या दिवशीच फोन करून सांगितले, तर कोणी नाही म्हणत नाही. शेगडी जोडल्यावर प्रत्यक्ष गॅसच्या दाबावर पुन्हा एकदा पातळी पाहा आणि शेवटच्या जॉइंटला साबण लाव. त्यानंतर आजीला पहिला बर्नर पेटवू दे.

मॅनोमीटर उद्याच्या सकाळच्या एस.टी.ने वाहकाकडे देतो. नळीतले पाणी काढले आहे, भरताना हळदीची चिमूट टाकू नकोस, काच डागाळते. निळ्या शाईचा एक थेंब पुरे. डाव्या बाजूची पट्टी दोन मिलिमीटर खाली सरकलेली आहे, तेवढी नीट करून घे.

तुझे,
बाबा