घाईला आलेला शेजारी

मा. संपादक, स. न.

रविवारच्या अंकातला संरक्षणखर्चावरचा लेख वाचला. ‘आपण बलवान झालो की शेजारी वचकून राहतो’ हे लेखकाचे म्हणणे पुढेमागे खरे ठरतही असेल. पण बलवान होईपर्यंतची चार-पाच वर्षे त्यांनी एका वाक्यात उरकली. आमच्या घराला ती वर्षे चांगली आठवतात.

१९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६४ मध्ये पाच वर्षांची योजना जाहीर झाली: सव्वाआठ लाखांचे सैन्य, हवाई दलाच्या ४५ स्क्वाड्रन. डोंगरी डिव्हिजन उभारायच्या त्या चीनकडे बघून. पण हे आकडे रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयातही वाचले जात होतेच की! पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान यांच्याकडे तेव्हा अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते, सेबर विमाने होती. हा वरचढपणा फार दिवस टिकणार नव्हता. त्यात इकडे नेहरू गेलेले, शास्त्रीजी नवे. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर उतरले, १ सप्टेंबरला छांबमध्ये रणगाडे आले. भांडण १९४७ पासूनचे. पण मुहूर्त पासष्टचाच का, याचे बरेचसे उत्तर मला आपल्या त्या योजनेत दिसते. जो मागे पडत चालला आहे त्याला उद्यापेक्षा आजच बरा वाटतो. रशियाची सैन्यवाढ १९१७ पर्यंत पुरी होणार, या धास्तीने १९१४ मध्ये जर्मन सेनापतींनीही असाच हिशेब मांडला होता.

माझे वडील ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती विभागात, मेकॅनिक. सियालकोट आघाडीवर आपले सेंच्युरियन रणगाडे दुरुस्त करायचे. पकडलेल्या एका पॅटनमध्ये ते उतरून बसले होते. सांगायचे, “आत नुसती बटणंच बटणं, प्रत्येकाखाली इंग्रजी पट्टी. गाडी आपल्यापेक्षा भारी, पण पोरांना शिकायला वेळच दिला नव्हता रे त्यांनी.” तिकडे खेमकरणजवळ असल उत्तरला पाणी सोडून चिखल केलेल्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे गारद झाले किंवा हाती लागले. ते रणगाडे जिथे आणून ठेवले त्या जागेचे ‘पॅटननगर’ हे नाव तेव्हाचेच.

म्हणून शस्त्रे घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. बासष्टनंतर दुसरे करणार तरी काय होतो? पण माल कारखान्यातून निघायच्या आधी ढोल कशाला? रणगाड्याची नुसती ऑर्डर दिली तरी ‘शत्रूला धडकी’ असे मथळे येतात, आपल्याही अंकात येतात. धडकी भरलेला माणूस गप्प बसेलच, हे कोणी ठरवले?

मागच्या महिन्यात नातवाला इथल्या रणगाडा संग्रहालयात घेऊन गेलो. पॅटनपुढे उभा राहून त्याने विचारले, “आजोबा, यांचे रणगाडे चांगले होते, तर भांडायला कशाला आले? थांबायचं ना.” म्हटले, “थांबले असते तर तोवर आपलेही रणगाडे चांगले झाले असते.” त्याला काही ते पटले नाही. तो तोफेची नळी मोजायला लागला.

— एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर