झोर्गेला पाठवणारा माणूस

मॉस्को

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

सोव्हिएत हेर रिचर्ड झोर्गेने जर्मन हल्ल्याच्या धोक्याची सूचना टोकियोतून दिली होती, तरी स्टालिनने ती कानाआड का केली, असं तुम्ही फोनवर विचारलंत. त्याचं निदान अर्धं उत्तर इथे कालुगा रस्त्यालगतच्या कोमुनारकात आहे. त्या रानात स्टालिनच्या राजवटीने १९३७ ते १९४१ मध्ये गोळ्या घातलेली माणसं पुरली आहेत. भिंतीवर ६,६०९ नावं, वर्णानुक्रमाने. झाडांना नातेवाइकांनी बांधलेले फोटो. त्यांतला एक यान बेर्झिन, लाल सैन्याच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख. १९२९ मध्ये झोर्गेला त्यानेच खात्यात घेतलं.

तो लाटवियाच्या शेतमजुराचा मुलगा, मूळ नाव पेटेरिस क्युझिस. १९०५ च्या रशियन क्रांतीत उतरला तेव्हा पुरता सोळाचाही नव्हता. पुढे तुरुंग, सायबेरियात हद्दपारी, तिथून पलायन. केस अकाली पिकले म्हणून हाताखालचे लोक त्याला ‘म्हातारा’ म्हणत. १९२४ पासून अकरा वर्षं त्याने खातं सांभाळलं. माणूस पारखावा तर त्यानेच.

पण तो साधुसंत नव्हता, आजोबा. रशियातल्या यादवी युद्धात लाल सैन्यातल्या पंधराव्या सैन्याच्या ‘विशेष विभागा’चा तो प्रमुख होता, म्हणजे आपल्याच सैन्यातले गद्दार हुडकणारा. हे सोडून नुसती हळहळ करणं मला पटत नाही.

१९३५ मध्ये कोपनहेगनला त्याचे हेर एकाच घरात एकामागून एक सापडले आणि त्याला पद सोडावं लागलं. अतिपूर्वेत बदली झाली, मग स्पेनच्या युद्धात मुख्य लष्करी सल्लागार. तिथल्या कामगिरीबद्दल ऑर्डर ऑफ लेनिन मिळाला, १९३७ च्या उन्हाळ्यात जुनी खुर्चीही मिळाली. ती काही आठवडेच टिकली. नोव्हेंबरात अटक, २९ जुलै १९३८ ला गोळी. वय ४८. मधल्या काळात खातं चालवणारा उरित्स्की तीनच दिवसांनी गेला. १९५६ मध्ये बेर्झिन निर्दोष ठरला.

आता झोर्गेचं बघा. ज्यांनी त्याला पाठवलं, तेच सरकारदप्तरी देशद्रोही ठरलेले. मग त्याच्या तारा खऱ्या मानणार कोण? १९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा सरहद्द ओलांडून आल्या, तेव्हा बेर्झिनच्या तालमीतले कितीतरी अधिकारी आधीच मारले गेले होते. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

आजीला नमस्कार. गुडघ्याचं औषध चुकवू नका.

आपला,
नातू