खोलायची घाई करू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गाडीचे फोटो पाहिले. रंग उडालाय, मागच्या चाकांच्या पुढे खालची पट्टी गंजून गेलीय, पण इंजिन चालू आहे. सुट्या भागांची किट कार घरी जोडायला डोनर म्हणून, म्हणजे जिचं सामान काढून वापरायचं ती जुनी गाडी म्हणून, माझदाची एमएक्स-५ निवडलीस ते उत्तम. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार काढली तेव्हा तीही किट म्हणून मिळायची आणि लोक घरीच जोडायचे. तुझी नवी गाडी त्याच घाटाची. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, ही मांडणी एमएक्स-५ मध्ये १९८९ पासून आहे, म्हणून तिचं बरंचसं सामान तुला कामी येईल.

पण "येत्या सुट्टीत सगळी खोलून टाकते" हे वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो. अगं, आधी ती चालव तरी! इंजिन पूर्ण तापू दे. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना करकरते का, क्लच घसरतो का, मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल घोंघावतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, सगळं वहीत लिही. कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो तेही, मोजून घे. एकदा इंजिन जमिनीवर आलं की यातलं काहीच कळत नाही, आणि नव्या गाडीत बसवल्यावर गिअरबॉक्स खराब निघाला तर दोष तुझ्या जोडणीचा की मूळचाच, यातच डोकं फिरेल.

मग बॅटरी. या गाडीत ती डिकीत असते. मात्र त्याआधी गाडीतल्या पेट्रोल पंपाची वीज तोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. नंतर निगेटिव्ह आधी काढ. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरी काढल्यावर पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांब, आणि काढलेली एअरबॅग नेहमी तोंड वर करून ठेव, पालथी नको. एसीचा गॅस स्वतः सोडायचा नाही, मशीन असलेल्याकडून काढून घे. पेट्रोल उघड्यावरच काढ. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, स्टँड लावायलाच हवेत. हे तुला लहानपणापासून सांगत आलोय, तरी पुन्हा सांगतो.

चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर. आधी त्याची ठोकून दाबलेली कड छिन्नीने सरळ कर, नाहीतर आटे जातील.

खरी झुंज होणार ती सस्पेन्शनच्या खालच्या हातांशी, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांशी. चाकांचं अलाइनमेंट करायचे जे एक्सेंट्रिक (भोक मध्यापासून सरकलेल्या) वायसरचे लांब बोल्ट असतात ना, ते बुशच्या, म्हणजे हाताच्या टोकातल्या रबरी जोडाच्या, आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. पाना फिरतो, तुला वाटतं सुटतोय, आणि प्रत्यक्षात नुसतं रबर पीळ खात असतं. वायसरकडे नीट बघ, म्हणजे कळेल. काम सुरू करण्याच्या बऱ्याच आधीपासून त्यावर गंज सोडवणारं तेल मारत राहा. सॉकेट सहा कोनांचंच वापर, बारा कोनांचं नटाचे कोपरे खातं. तरी नाही हलला तर बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून सरळ कापून टाक. बोल्ट नवा मिळतो. वाचवायचे आहेत ते सस्पेन्शनचे हात आणि ते जिला जोडलेले असतात ती सबफ्रेम.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढ. जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सच्या शेपटातून तेल गळतं, तिथे आधीच पिशवी बांध. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी अॅल्युमिनियमची लांब फ्रेम दिसेल, तिला फालतू समजू नकोस. गिअरबॉक्स मागून तिच्यावरच तोललेला असतो. तुझ्या किटला ती लागते की नाही हे मॅन्युअल वाचून ठरव.

आणि वायरिंग. एकही वायर कापायची नाही. सगळेजण इथेच कंटाळतात, कारण डॅशबोर्ड काढून कार्पेटखाली शिरावं लागतं आणि कपलरच्या कड्या बोटांना दाद देत नाहीत. प्रत्येक कपलर काढण्यापूर्वी फोटो काढ, दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाची चिठ्ठी लाव. पेनने लिहिलेलं तेलात पुसतं, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक टेप चिकटव. अर्थिंगच्या वायरी बॉडीला कुठे कुठे बोल्टने धरल्यात ते वेगळं लिही. फायबरच्या बॉडीत अर्थिंग मिळत नाही, तिथे तुला ती यादी लागेलच. इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), चावी आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) असेल तर तो, ही एकाच घरची माणसं आहेत, त्यांची ताटातूट करू नकोस.

बोल्ट शक्यतो ज्याच्या त्याच्या भोकातच परत लाव, उरलेले नावं घातलेल्या पिशव्यांत. काचा, सीट, दरवाजे लगेच विकलेस तर हरकत नाही, जागा मोकळी होईल. बाकी सामान मात्र नवी गाडी स्वतःच्या चाकांवर फिरेपर्यंत घरातच राहू दे. आई कुरकुर करेल, तिला मी सांभाळतो. आणि सांगाडा भंगारात देण्याआधी चासी नंबर नि कागदपत्रांचं काय करायचं, याची तिथल्या नोंदणी कार्यालयात चौकशी करून ठेव.

कॉम्प्रेशनचे आकडे आले की चारही सिलिंडरचे कळव. एखादा बाकीच्यांपेक्षा फार कमी आला तर इंजिन काढायच्या आधी फोन कर.

तुझा,
बाबा