टाकी रिकामी झाल्यावर गाडीचं काय होणार, ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टर्बो गाड्यांच्या ट्युनिंगवर लेख आला होता, आमच्या दुकानात पोरांनी तो फिरवून फिरवून वाचला, लेख चांगलाच होता. फक्त शेवटी वॉटर-मेथ किटबद्दल दोन ओळी होत्या, किट लावलं की पॉवर वाढते अशा अर्थाच्या, आणि त्या दोन ओळींमुळं मी हे पत्र लिहायला बसलोय. मी कोल्हापुरात वीस-बावीस वर्षं टर्बो दुरुस्तीचं काम करतो. बिघडलेली इंजिनं शेवटी आमच्याच टेबलावर येतात, त्यामुळं किट लावल्यावर काय होतं ते मी फोटोत नाही, हातात घेऊन बघितलंय.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. टर्बो असो नाहीतर सुपरचार्जर, दोन्ही इंजिनात जादा हवा दाबून भरतात, आणि हवा दाबली की ती तापतेच, सायकलच्या पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं तोच प्रकार. आपल्याकडं उन्हाळ्यातली ३५ डिग्रीची हवा एक बार बूस्टनं, म्हणजे बाहेरच्या हवेएवढाच जादा दाब देऊन, दाबली तर टर्बोतून बाहेर पडताना ती १३० डिग्रीच्या आसपास गेलेली असते. इंटरकूलर, म्हणजे हवा गार करणारा रेडिएटर, तिचं तापमान खाली आणतो पण घाटात गाडी हळू चालते, समोरून वारा मिळत नाही, मग इंटरकूलरही तापून बसतो. अशी गरम हवा सिलिंडरमधे गेली की स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप पेटतं, त्याला आपण नॉकिंग म्हणतो, गाडी खडखडते म्हणतो. वॉटर-मेथ म्हणजे साधारण अर्धं पाणी आणि अर्धं मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल), ते पंपानं दाबून बारीक नोझलमधून धुक्यासारखं इंटेकमधे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, सोडायचं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २,२५० किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते, मिथेनॉलला ११०० आणि पेट्रोलला ३५० च्या घरात, आता ही उष्णता जाते कुठनं तर त्या गरम हवेतनंच, म्हणून हवा गार होते. मिथेनॉल वर जळतं सुद्धा आणि त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न द्यायचा आकडा, शंभरच्या पुढं आहे. तर नॉकिंग थांबतं, नॉकिंग थांबलं म्हणून टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, पुढं घेता येतं, बूस्ट वाढवता येतो, आणि पॉवर वाढते ती त्या बूस्टनं आणि टायमिंगनं वाढते. पाणी फक्त त्याला परवानगी देतं. मग पाणी थांबलं आणि बूस्ट तसाच राहिला तर?

माझ्या भाच्याच्या गाडीत तेच झालं. टर्बो पेट्रोल गाडी, पोरगं इंजिनिअर, हौशी. बाहेरून किट मागवलं, एका गॅरेजमधे बसवून घेतलं, त्यांनी काच धुवायच्या वॉशरच्याच टाकीला पंप जोडला, नोझल लावलं, बूस्ट वाढवला आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिमॅप करून (सेटिंग बदलून) दिला, तीन महिने गाडी अशी पळाली की हा रोज फोन करून सांगायचा मामा काय गाडी झालीय. मला दाखवायला आणली नाही, मीही बोलावली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मग रत्नागिरीहून येताना आंबा घाटात टाकी संपली. टाकीत फ्लोट स्विच (पाणी संपत आलं की कळवणारा) नव्हता, डॅशबोर्डवर दिवा नव्हता, ईसीयूला कुणी सांगितलेलं नव्हतं की पाणी येत नाहीये तर बूस्ट कमी कर. तो चढावर फुल थ्रॉटलवर होता. गाडी दोन-तीनदा खडखडली, मग निळा धूर, मग बंद. हेड उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली धार तुटून पडलेली आणि कडेला अॅल्युमिनियम मेणासारखं वितळलेलं.

तो पिस्टन माझ्या टेबलावर होता तेव्हा दाजी आले, म्हणजे भाच्याचे वडील. दाजी नेव्हीत होते, दाबोळीला, सी हॅरियर विमानांवर. वाचकांपैकी गोव्याच्या लोकांनी ती विमानं बघितली असतील, २०१६ ला ती निवृत्त झाली. ते विमान हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरायचं, आणि आपल्याकडच्या गरम हवेत इंजिनाला तेवढा जोर मिळावा म्हणून त्यात पाणी मारायची सोय होती, सव्वादोनशे लिटरच्या आसपास टाकी, आणि सगळं पाणी साधारण दीड मिनिटात संपायचं. त्यात मिथेनॉल नाही, नुसतं क्षार काढलेलं शुद्ध पाणी. दाजींनी पिस्टन हातात घेतला, फिरवून बघितला आणि पोराला एवढंच विचारलं, "पाणी संपलं हे तुला कळणार कसं होतं?" पोरगं गप्प. दाजी म्हणाले आमच्याकडं पायलटला प्रत्येक सेकंदाचा हिशेब असायचा, कारण पाणी संपल्यावर जोर कमी होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

आणि हे त्या एका विमानापुरतंच आहे असं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत एमडब्ल्यू ५० नावाचं हेच मिश्रण वापरायचे, अर्धं मिथेनॉल, जवळजवळ अर्धं पाणी आणि गंज लागू नये म्हणून थोडंसं तेल, ते सुद्धा एका वेळी दहा मिनिटांच्या वर नाही. पुढं १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची गाडी आली, साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन, त्यावर टर्बो, आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) चक्क १०.२५, त्या काळात टर्बोबरोबर एवढं कॉम्प्रेशन म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच. म्हणून कंपनीनं गाडीसोबतच पाणी-मिथेनॉलची टाकी दिली, त्या मिश्रणाला टर्बो रॉकेट फ्लुइड असं नाव दिलं. आता खरी बघण्यासारखी गोष्ट ही की टाकी रिकामी झाली की इंटेकमधला एक जादा पडदा मिटायचा आणि बूस्ट आपोआप कमी व्हायचा, इंजिन वाचायचं. लोक टाकी भरायचेच नाहीत आणि मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे, १९६३ ला गाडी बंद झाली, नंतर तर कंपनी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला लागली. पण बघा, साठ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर नसताना त्यांनी रिकाम्या टाकीचा विचार केला होता. बीएमडब्ल्यूनं एम४ जीटीएस ही गाडी काढली तेव्हा सुद्धा डिकीत पाच लिटरची पाण्याची टाकी दिली आणि सगळा कारभार ईसीयूच्या हातात ठेवला. आणि आपल्या गॅरेजमधे आज एवढे सेन्सर हाताशी असताना साडेतीनशे रुपयांचा फ्लोट स्विच लावायचा कंटाळा करतात, याचा मला खरंच राग येतो.

ज्यांना बसवायचंच आहे त्यांच्यासाठी लिहितो. किट घ्यायच्या आधी फेलसेफ, म्हणजे बिघाड झाला तर इंजिन वाचवणारी सोय, घ्या. टाकीत फ्लोट स्विच हवा, आणि नोझलच्या लाईनमधे फ्लो सेन्सर हवा, कारण टाकी भरलेली असताना पंप जळू शकतो, पाईप निघू शकतो, नोझल तुंबू शकतं, आणि फ्लोट स्विच बिचारा सगळं ठीक आहे असंच सांगत राहतो. या दोन्हीची वायर अशी जोडायची की गडबड झाली तर बूस्ट लगेच कंपनीच्या मूळ आकड्यावर आला पाहिजे आणि टायमिंग मागं आलं पाहिजे. नुसता दिवा लागून चालत नाही, नॉकिंगला पिस्टन फोडायला तुमची नजर दिव्याकडं जायची गरज नसते.

नोझल इंटरकूलरच्या पुढं आणि थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात किती हवा जायची ते ठरवणाऱ्या पडद्याच्या) अलीकडं, वीतभर तरी अंतर ठेवून, म्हणजे धुकं हवेत मिसळायला जागा मिळते. टर्बोच्या तोंडात मारू नका, त्या पंख्याचा वेग एवढा असतो की पाण्याचे जाड थेंब त्याच्या पात्यांच्या कडा खातात, असे खाल्लेले पंखे माझ्याकडं आलेत. रूट्स किंवा ट्विन स्क्रू सुपरचार्जरचं (यात पंख्याऐवजी दोन रोटर हवा ढकलतात) वेगळं आहे, तिथं रोटरच्या आधी मारलेलं पाणी रोटरलाही गार करतं म्हणून तिथं ते चालतं. थ्रॉटलच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला, नोझल लावलं किंवा टाकी डिकीत नोझलपेक्षा उंचावर ठेवली तर गाडी आयडलिंगला असताना इंजिन आपोआप पाणी ओढून घेतं, अशा वेळी नोझलजवळच सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) पाहिजे, पंपाजवळ नाही. नाहीतर रात्रभर पाणी झिरपून सिलिंडरमधे साठतं आणि सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, पाणी दाबलं जात नाही हो.

फवारा बूस्ट अर्ध्यावर गेल्यावर चालू व्हावा आणि बूस्टप्रमाणे वाढत जावा. पाण्याचं प्रमाण पेट्रोलच्या १० ते २० टक्के पुरतं, जास्त मारलं की गाडी अडखळते. आणि सगळं बसवल्यावर नोझल बाहेर काढून मापाच्या भांड्यात एक मिनिट सोडून बघा किती पाणी येतं, हे दहा मिनिटांचं काम कुणीच करत नाही. नळाचं, बोअरचं पाणी अजिबात नको, नोझलचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, क्षारानं महिन्यात बंद होतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. वॉशरचं साबणाचं पाणी तर नकोच नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर पेन उचललं ती. पिस्टन बघून झाल्यावर मी भाच्याला विचारलं की मिथेनॉल कुठं ठेवतोस, तर म्हणाला घरी आहे. संध्याकाळी गेलो. ताईच्या स्वयंपाकघरात कट्ट्याखाली, तेलाच्या डब्याशेजारी, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीत. वर लेबल नाही, चिठ्ठी नाही. पाण्यासारखंच दिसतं, वास दारूसारखा. घरात चार वर्षांची नात आहे. माझे हात थरथरायला लागले. जून २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलच्या दारूनंच, हे आपल्याच पेपरात आपण वाचलंय. मिथेनॉल पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांची नस मारतं, आणि लगेच काही होत नाही, बारा-चोवीस तासांनी त्रास सुरू होतो, तोवर माणूस मला काही झालं नाही म्हणून घरीच बसलेला असतो. कुणाच्या पोटात चुकून गेलं तर वाट न बघता दवाखाना गाठा आणि मिथेनॉल हा शब्द डॉक्टरला सांगा. कातडीतूनही ते आत जातं, हातमोजे घाला. ११-१२ डिग्रीलाच त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडं वर्षभर, आणि भर उन्हात त्याची ज्योत दिसत सुद्धा नाही. म्हणून टाकी कधीही गाडीच्या आत उघडी नको, झाकण घट्ट, वाफेची नळी गाडीच्या बाहेर सोडलेली, आणि गाडीत किंवा घरात शुद्ध मिथेनॉलचा साठा नकोच.

साहेब, आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या लेखात हे किट आलं तर मिथेनॉलबद्दल ठळक चौकट टाका, आणि अशी बाटलीत ओतून मिथेनॉल विकणारी माणसं कोण आहेत ते आपल्या बातमीदारानं शोधावं. ते विष म्हणून नोंदलेलं रसायन आहे, परवाना लागतो त्याला, चहाच्या टपरीशेजारी बाटलीत मिळता कामा नये.

भाच्याची गाडी परत बांधली. यावेळी मी बांधली. दाजी रोज येऊन शेजारी खुर्ची टाकून बसायचे. टाकीत आता नुसतं बॅटरीचं पाणी आहे, मिथेनॉल नाही, बूस्ट कंपनीपेक्षा थोडाच जास्त, विमा कंपनीला लेखी कळवलंय. नुसतं पाणीही नॉकिंग चांगलं दाबतं, पॉवर थोडी कमी मिळते, मिळू दे. गाडी ताब्यात द्यायच्या आधी मी, भाचा आणि दाजी तिघं आंबा घाटात गेलो, टाकीत मुद्दाम अर्धा लिटरच पाणी ठेवलं होतं. खालून चढायला लागलो, मधेच दिवा लागला, बूस्टचा काटा खाली आला, गाडी एकदम मऊ झाली, मागचा ट्रक हॉर्न मारायला लागला. दाजी मागच्या सीटवरून म्हणाले, "हं, आता बरोबर." आम्ही तशीच तिसऱ्या गिअरवर हळूहळू वर आलो.

आपला,
टर्बो दुरुस्ती करणारा एक वाचक, कोल्हापूर