सारांशातून गळालेल्या आकृत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय विज्ञानसंस्थांवर राजकीय दबाव असतो, असे म्हटले की काही जण कटकारस्थानाच्या कथा रंगवतात, तर काही 'विज्ञानात कसले आलेय राजकारण' म्हणत विषय झटकून टाकतात. दोघांनीही आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या आंतरसरकारी समितीच्या, कामाची पद्धत एकदा पाहावी. १९८८ साली स्थापन झालेल्या या समितीच्या अहवालातली प्रकरणे शास्त्रज्ञ लिहितात. मात्र धोरणकर्त्यांसाठीचा जो सारांश जगभर वाचला जातो, तो सरकारी प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून सर्वसहमतीने मंजूर करतात. दोन-चार देश अडून बसले की वाक्य पातळ होते.

१९९५ मध्ये माद्रिदच्या बैठकीत हवामानावरील मानवी प्रभावाच्या विधानाला सौदी अरेबिया आणि कुवेतने हरकत घेतली. बराच खल झाला आणि तो प्रभाव अखेर नुसता 'जाणवण्याजोगा' ठरला. पण एकट्या तेलवाल्या देशांना बोल लावून चालणार नाही. २०१४ मध्ये बर्लिनच्या बैठकीत उत्पन्नगटांनुसार देशांचे उत्सर्जन दाखवणाऱ्या आकृत्या सारांशातून गळाल्या, त्या विकसनशील देशांच्या आक्षेपांमुळे. मूळ अहवालात त्या शाबूत आहेत. पण तेवढे जाडजूड बाड उघडतो कोण?

हे सगळे तरी बैठकीत घडते. अध्यक्षपदाचे राजकारण त्याहून आडून चालते. २००१ मध्ये एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेलकंपनीकडून व्हाइट हाउसला गेलेल्या टिपणात आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट वॉटसन यांना बदलता येईल का, अशी विचारणा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्यांना पाठिंबा दिला नाही आणि राजेंद्र पचौरी निवडून आले. टिपण बाहेर आले म्हणून हा धागा तरी दिसला.

यावरून हवामान बदल थोतांड आहे असा अर्थ काढणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: वरच्या दोन्ही बैठकांत दबाव होता तो मजकूर सौम्य करण्यासाठी किंवा गाळण्यासाठी.

माझी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. असा सारांश प्रसिद्ध होतो तेव्हा त्याच्या बातमीशेजारी चौकट द्यावी: मसुद्यातले काय गळाले, कोणते शब्द बदलले आणि कोणत्या देशांनी हरकत घेतली. मंजुरीच्या बैठकांचे वृत्तांत इंटरनेटवर उपलब्ध असतात.

आपला,
एक नियमित वाचक