सहावं वचन, सहावी आयत

चरई, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय बाळा,

तुझ्या मित्राकडून आलेली आणि तू मला पाठवलेली ती यादी तीनदा वाचली. डावीकडे बायबलमधली, उजवीकडे कुराणातली मारा-कापाची वचनं, आणि खाली ठळक अक्षरांत 'आता बोला!' तू फोन केलास तेव्हा मी 'मिस्साला निघालोय, नंतर बोलू' म्हणालो. चर्चमधली मिस्साची उपासना तासाभराने होती, हे मम्मीने तुला सांगितलं असेलच. पटकन काही सुचलं नाही, म्हणून टाळलं.

यादीतली वचनं खोटी नाहीत, हे आधी कबूल करतो. 'आमच्या धर्मात असं काही नाहीच' म्हणणाऱ्याने आपलं पुस्तक उघडलेलं नसतं, मग तो आपल्यातला असो की त्यांच्यातला.

बायबलमधलं स्तोत्र १३७ घे. १० मार्च २०२४, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार, आणि मराठी मिस्साला स्तोत्र वाचायची पाळी माझी. 'बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो आणि सियोनच्या आठवणीने रडलो.' बाबेल म्हणजे बॅबिलोन, सियोन म्हणजे यरुशलेम. छापील वाचन सहाव्या वचनाला थांबतं. बायका डोळे पुसत होत्या, मीही जरा गहिवरून वाचलं. घरी येऊन आजीचं बायबल काढलं, ते रेक्झिनची पट्टी चिकटवलेलं. त्यात नऊ वचनं आहेत. नववं म्हणतं, बाबेलच्या कन्ये, तुझी तान्ही मुलं धरून जो खडकावर आपटेल तो धन्य. तुझ्या यादीत डाव्या बाजूला तिसऱ्या नंबरवर आहे बघ.

गंमत अशी की वगळणाऱ्यांनी ते लपूनछपून वगळलेलं नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर धर्मगुरूंच्या रोजच्या प्रार्थनांचं पुस्तक नव्याने तयार झालं. त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं आख्खी काढली, आणि १३७ चं शेपूट कापलं. कारण दिलं 'मानसिक अडचण'. मला हसू आलं. ज्याने ते स्तोत्र रचलं त्याची मानसिक अडचण कुणी विचारायची? इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं. तिथला राजा सिद्कीया, त्याच्या मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं आणि मग त्याचे डोळे काढले. मुलांची प्रेतं हे त्याने पाहिलेलं शेवटचं दृश्य. अशा गावातून हाकलून नेलेला माणूस नदीकाठी बसून देवापुढे जे तोंडाला येईल ते ओरडतोय. तो देवाचा हुकूम नव्हे, पोळलेल्या बापाची किंकाळी आहे. सूड देवाजवळ बोलून टाकला, हातात दगड घेतला नाही. म्हणून मला विचारशील तर कापण्यापेक्षा ते वाचावं, आणि वाचून झाल्यावर देवळात दोन मिनिटं कुणी बोलू नये.

संत ऑगस्टीनने वेगळी वाट काढली. बाबेलची तान्ही मुलं म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट वासना. वाढायच्या आत त्या खडकावर आपटा, आणि खडक म्हणजे ख्रिस्त. त्याच्या आधी तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित बायबलमधल्या यहोशवाच्या लढायांबद्दल असंच म्हणाला होता. या लढाया आत्म्याच्या लढाईचं रूपक नसत्या, तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांना ही पुस्तकं मंडळीत वाचू द्यायचं कारणच नव्हतं. तुझ्या रूममेटला हे ओळखीचं वाटेल. गीतेतलं कुरुक्षेत्र माणसाच्या मनात आहे असं गांधीजी म्हणाले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात तीच गीता वाचली आणि त्यांना कर्मयोग दिसला.

आता उजवी बाजू. इथे मला एक जुनी लाज सांगायची आहे.

१९९३ ची दंगल नुकती निवली होती. मुंब्र्याचे चाचा आणि मी एकाच लोकलने व्हीटीला जायचो. तो डोंबिवलीपर्यंत उलट जाऊन जागा धरायचा, आणि ठाण्याला मी चढलो की सरकून मला चौथी सीट द्यायचा. मी कुठल्याशा पत्रकात कुराणाच्या नवव्या अध्यायातली, सूरह तौबाची, पाचवी आयत वाचली होती. भर डब्यात त्याला म्हणालो, 'तुमच्यात तर सरळ लिहिलंय, दिसेल तिथे मारा.' कुर्ला येईपर्यंत तो बोलला नाही. मग म्हणाला, 'रविवारी घरी ये. जेवायलाच ये.'

गेलो. त्याने वजू केला, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुतले, फळीवरून हिरव्या कापडात गुंडाळलेलं कुराण उतरवलं, पहिल्यापासून तेराव्या आयतीपर्यंत अरबीत वाचलं आणि एकेक करून मराठीत सांगितलं. चौथी म्हणते, ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला करार पाळला, त्यांच्याशी तुम्हीही मुदत संपेपर्यंत पाळा. पाचवी मी वाचली होती तीच. सहाव्या आयतीवर त्याने बोट ठेवलं. त्याच मूर्तिपूजकांपैकी कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाचं वचन ऐकू द्या, आणि मग त्याला सुरक्षित वाटेल अशा ठिकाणी पोचवा. 'नुसतं सोडा नाही रे,' चाचा म्हणाले, 'पोचवा. आणि त्याने मुसलमान व्हावं अशी अटही नाही.' तेराव्या आयतीत कुणाशी लढायचं ते येतं: ज्यांनी शपथा मोडल्या आणि आधी कुरापत काढली ते. ६२८ साली मक्केजवळ हुदैबियाला पैगंबरांचा मक्केवाल्यांशी तह झाला होता, तो मोडला, आणि या आयती त्यानंतर ६३१ च्या आसपासच्या.

तू म्हणशील, ही नेहमीची 'संदर्भ बघा'वाली पळवाट. मीही तेव्हा तेच म्हणालो. तर चाचांनी स्वतःच्या बाजूचं अवघड जागचं दुखणंही झाकलं नाही. पूर्वीच्या कित्येक भाष्यकारांनी या पाचव्या आयतीने सबुरीच्या शंभराहून जास्त आयती रद्द झाल्या, 'मन्सूख' झाल्या, असं मानलं होतं. आजचे बंदूकवाले तेच धरून बसतात. पण दुसऱ्यांनी ती यादी आखडत आणली. अठराव्या शतकात दिल्लीचे शाह वलीउल्लाह यांनी ती पाचवर आणली. त्या पाचांत 'धर्मात जबरदस्ती नाही' ही सूरह बकराची आयत नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ती अजून लागू आहे. कोणत्या आयतीने कोणती आयत वाचायची हाच खरा वाद, आणि तो त्यांच्यात हजार वर्षं चालू आहे. नंतर चाचींनी तांदळाच्या भाकरी आणि सुरमईचं कालवण वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.

आपल्या वाचनात सहाव्या वचनानंतरचं कडू गाळलं. त्या पत्रकात सहाव्या आयतीतलं गोड गाळलं होतं.

कात्रीचा मोह जुना आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने आख्खा जुना करार, म्हणजे बायबलचा येशूच्या आधीचा भाग, फेकून द्या म्हटलं, तर मंडळीने त्यालाच बाहेर काढलं. आपल्याकडे कुराणातल्या २६ आयती काढा म्हणून एक जण सुप्रीम कोर्टात गेला होता. एप्रिल २०२१ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला आणि वर पन्नास हजारांचा दंड लावला.

आणि हे ठाण्याचंच. एप्रिल १३२१ मध्ये इथे फ्रान्सिस्कन पंथाच्या चार ख्रिस्ती साधूंना काझीशी झालेल्या वादानंतर मारलं. काही काळाने त्यांची हाडं घेऊन चीनला गेलेल्या ओडोरिक या त्याच पंथाच्या साधूने लिहिलंय की दिल्लीच्या सुलतानाने नंतर इथल्या अधिकाऱ्याला बांधून नेलं आणि त्या खुनांसाठी मृत्युदंड दिला. मारणारा आणि शिक्षा देणारा, दोघेही एकच कुराण वाचणारे. आपल्यांनीही कमी केलं नाही. गोव्यात १५६० ला सुरू झालेल्या इन्क्विझिशनवाल्यांच्या, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, हातात आजीचंच बायबल होतं.

राहिला डाव्या बाजूचा पहिला नंबर, १ शमुवेल १५. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे किंकाळीची सबब चालत नाही. देवाच्या नावाने शमुवेल संदेष्टा इस्राएलच्या राजा शौलाला सरळ हुकूम देतो: आपल्या वैरी अमालेक्यांचे पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरं, सगळं मारा. मिस्सात तो अध्याय सोळाव्या वचनापासून वाचतात, 'आज्ञापालन यज्ञाहून श्रेष्ठ'पर्यंत. तिसरं वचन, ते तान्ह्या मुलांचं, वाचनात येत नाही. कुणी म्हणतं ओरिजेनसारखं रूपक समजा. कुणी म्हणतं शेकडो वर्षांनी लिहिताना लेखकांनी जुन्या लढायांना हुकमाचं रूप दिलं. मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, 'शमुवेलाला तसं ऐकू आलं असेल. म्हातारा झाला होता तो.' ओरिजेनपेक्षा मला आजीचं जास्त पटतं, पण फादरना हे सांगू नकोस.

नाताळला येशील तेव्हा चाचांकडे जाऊ. त्यांचे गुडघे धरलेत, तेच येणार म्हणतात, पण आपणच जाऊ. यादी पाठवणाऱ्या मित्रालाही आण. चाचींना आधी कळव, म्हणजे त्या सुरमई आणून ठेवतील.

तुझे पप्पा